कोल्हापूरजवळ लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघांनाही झेपेल अशी रानवाट सुचवा

करवीरकन्या

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी संपायला आठ दिवस राहिलेत. घरी सहा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा भाचा आणि माझे आई-बाबा आहेत. बाबा एकाहत्तरचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वाटी बदलली. रोज सकाळी रंकाळ्याला तासभर चालतात, पण सगळं सपाटीला. चढउतार म्हटलं की "तुम्ही जाऊन या, मी बसतो गाडीत" असं सुरू होतं.

धागा काढायचं कारण सांगते. लेकीनं परवा जंगलाचं चित्र काढलं. त्यात सिंह, जिराफ आणि एक झेब्रा. बाबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "अगं, आपल्या रानात गवा असतो." बाबांचं लहानपण राधानगरीकडं गेलं, मामाची गुरं राखण्यात. त्यांना झाडं पानावरून नाही तर वासावरून ओळखता येतात. आणि त्यांच्या नातीला जंगल म्हणजे टीव्हीतलं आफ्रिकेचं माळरान वाटतं. हे मला फार लागलं.

मागच्या पावसाळ्यात एका धबधब्यावर गेलो होतो, पण तो अनुभव वाईट होता. ही गर्दी, गाड्यांच्या डिकीत मोठ्यानं लावलेली गाणी, आणि शेवाळावरून आईचा पाय घसरला. मनगट महिनाभर सुजलेलं होतं. तेव्हापासून ती रान म्हटलं की नकोच म्हणते.

तर दोन-तीन किलोमीटर, सावली असलेली, एका दिवसात जाऊन येण्यासारखी वाट हवी. धबधबा नसला तरी चालेल. गाडी लहान आहे, खडबडीत रस्त्यावर घालता येणार नाही.

पेठेतला

ताई, डोळे झाकून पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर, गाडी थेट वरपर्यंत. मंडळी सज्जाकोठी आणि अंबरखाना बघून, कणीस खाऊन परत येतात. झाडीकडं कोण फिरकत न्हाई. तीन दरवाजाच्या अंगाला तबक उद्यान हाय, तिथं झाडी चांगली दाट हाय. पराशर गुहेकडं जायची वाट बी सावलीची. पराशर ऋषींनी तिथं तप केलं असं सांगत्यात, पोरांना गोष्ट सांगायला बरं. काकांना दम लागला तर बसायला जागोजागी कट्टे.

एकच, रविवारी जाऊ नका. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात आपला पन्हाळा हाय. अभिमान हायच, पण सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळंना झालीया. मंगळवार-बुधवार बघा, सकाळी आठच्या आत वर पोचा.

सह्यवेडी

पन्हाळ्याला +१. कुणी पन्हाळ्याजवळचं मसाई पठार सुचवायच्या आत सांगते, ते आत्ता नको. सप्टेंबरात सोनकी, तेरडा, सीतेची आसवं फुललेली असताना तिथं स्वर्ग असतो आणि मुलांना गुडघ्यावर बसवून ती इवली फुलं दाखवावीत अशी जागा आहे. पण पठार ते पठार, सावलीला झाड नाही. नोव्हेंबरात अकरानंतर ऊन डोक्यावर येतं. पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवा. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून महाराज विशाळगडाकडं गेले ते याच अंगानं. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट त्या जमिनीवर उभं राहून सांगितली की आयुष्यभर विसरत नाही.

भोगावतीकाठ

बाबांचं लहानपण राधानगरीकडचं म्हणताय, मग दाजीपूर सोडून दुसरीकडं कशाला? १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं रान आहे, १९८५ ला वाढवून साडेतीनशे चौरस किलोमीटरवर गेलं. पावसाळ्यात बंद असतं, आता उघडलंय. वाटेत राधानगरीचं धरण. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांचं. जिराफ काढणाऱ्या लेकीला एकदा खरा गवा दिसू दे. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय बघून ती सिंह विसरेल.

रानभूल

भोगावतीकाठ, दाजीपूरवर माझाही जीव आहे, वीस वर्षं जातोय. पण ताईंनी जे मागितलंय ते हे नव्हे. एका बाजूनं ऐंशी किलोमीटर. सहा वर्षांचं मूल वळणावळणाच्या रस्त्यानं अडीच तास बसून पोचणार, तोवर ते दमलेलं आणि मळमळलेलं असणार. आत अभयारण्यात फिरणं बहुतेक गाडीतून होतं, आणि तेच योग्य आहे, कारण गव्यांच्या रानात लहान मुलं आणि गुडघ्याचा त्रास असलेला माणूस पायी नेऊ नये. कळपातला गवा माणसाची चाहूल लागली की निघून जातो, पण एकटा नर कारवीच्या आड उभा असला तर दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही. तेव्हा ज्याला पळता येत नाही त्याचं काय करायचं?

ताई, मुख्य गोष्ट आधी सांगतो. तुम्ही किलोमीटर विचारलेत. घरच्यांना घेऊन रानात जाताना किलोमीटर मोजू नका, तास मोजा. तीन तास आहेत असं धरा आणि जिथवर जाल तिथवर. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं ठेवा. बाबा पुढं, त्यांच्या मागं मुलं, शेवटी तुम्ही. लोक उलटं करतात. तरणी मंडळी पुढं जातात, वळणावर थांबून मागच्यांची वाट बघतात आणि मागचे पोचले की लगेच "चला" म्हणून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. गुडघ्यापेक्षा या घाईला माणूस जास्त घाबरतो. बाबा गाडीत बसतो म्हणतात ते यामुळं असू शकेल.

आता जागा. गगनबावडा रस्त्याला साळवण ओलांडलं की पळसंब्याचा फाटा विचारा. पळसंब्याचं रामलिंग. ओढ्याच्या पात्रातलेच मोठाले कातळ कोरून एकाच दगडाची लहान देवळं केलेली आहेत, आणि वर दाट झाडी. भर दुपारीही तिथं संध्याकाळ असल्यासारखा उजेड असतो. पावसाळ्यात ओढा फुगलेला असतो, तेव्हा जाऊ नये. आत्ता पाणी घोट्याएवढं असेल, झुळझुळतं. गाडी देवस्थानापर्यंत नेण्याचा मोह टाळा. गावाच्या अलीकडं रुंद जागा बघून लावा आणि उरलेलं अंतर चालत जा. खरी वाट तीच आहे.

तिथं उतरायला पायऱ्या आहेत, त्याबद्दल नाडीपरीक्षा यांनी बोलावं.

नाडीपरीक्षा

बोलावलंत म्हणून आलो. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. डोंगर चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला भितात, पण खरा भार उतरताना पडतो आणि तोही पाय दमलेले असताना. या ठिकाणी उलट आहे. आधी उतरायचं, ताज्या पायांनी, आणि परतताना चढायचं. काकांना ते सोपं जाईल. फक्त दोन पथ्यं. हातात काठी, ती ऑपरेशन न झालेल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. आणि पायरी उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. त्यांच्या सर्जनना एकदा फोन करून विचारा, दोन वर्षं झालीत तर बहुधा हरकत घेणार नाहीत.

जळवांचा हंगाम सरलाय, तरी ओढ्याकाठी एखादी चिकटली तर ओढून काढू नका. नख कातडीला टेकवून कडेनं सरकवा, सुटते. नंतर रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा द्रव असतो. मुलं रक्त बघून घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

साप. पूर्ण बूट, पालापाचोळ्यात हात नाही, कातळाच्या कपारीत बोटं नाहीत. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. तो अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय, १०८ ला फोन. प्रतिसर्पविष तिथं असतं. हे वाचून जाणं रद्द करू नका. इतकी वर्षं रानात हिंडतोय, दिसलेला प्रत्येक साप माझ्यापासून लांब जात होता.

उंबरठा

एक विनंती. रामलिंगाची झाडी ही नुसती झाडी नव्हे. देवाच्या नावानं राखलेलं रान आहे ते. आमच्या गावच्या देवराईत आजी पडलेलं लाकूडसुद्धा चुलीला आणू देत नव्हती. "ते त्याचं हाय," एवढंच म्हणायची. आसपासचे डोंगर उघडे पडले तरी तेवढा तुकडा हिरवा राहिला तो अशा म्हाताऱ्यांमुळं. म्हणून मुलांना पिशवी भरून पानं-बिया गोळा करायला लावू नका. मी शिक्षिका आहे, वर्गाला नेते तेव्हा कोरे कागद आणि मेणाचे खडू बरोबर घेते. कागद खोडावर धरायचा आणि खडू आडवा घासायचा. सालीची नक्षी जशीच्या तशी उठते. प्रत्येक झाडाची वेगळी. मुलं तासभर रमतात आणि रानातून काहीच उचललं जात नाही.

अत्तर, सेंट लावून जाऊ नका, धूर करू नका. उंच झाडांवर आणि कड्यांना आग्या मोहळं असतात.

पेठेतला

रानभूल म्हणत्यात ते पटलं. पळसंब्याला मी गेलो न्हाई अजून, लाज वाटायसारखी गोष्ट हाय. ताई, जाताना एक ध्यानात ठेवा. ऊसतोड सुरू झालीया. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्याला, मागं दिवा नसतो. उजेडात जावा, उजेडात या.

करवीरकन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. पळसंबे ठरवतेय, बुधवारी. बाबांना धागा वाचून दाखवला. हळू चालणाऱ्यानं पुढं राहायचं हे ऐकून ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी माळ्यावरून आजोबांची वेताची काठी काढून तेल लावत बसले होते.

करवीरकन्या

जाऊन आलो! वृत्तांत सविस्तर टाकते.

सकाळी सहाला निघालो. फुलेवाडी सुटली तसं धुकं लागलं. आईनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतलं होतं. साडेआठच्या आत गाडी लावून आम्ही पायी निघालो होतो. बाबा पुढं. पहिली दहा मिनिटं मला अवघड गेलं, कारण पाय आपोआप भरभर पडतात. मग हळूहळू लक्षात आलं की बाबा नुसते सावकाश चालत नाहीत, ते बघत चाललेत. थांबत होते ते दमून नव्हे.

पहिलं थांबले ते ऐनाच्या झाडापाशी. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकोनी-चौकोनी भेगांची. बाबांनी काठीनं एक खालची फांदी वाकवली, मुलांना म्हणाले, पान उलटं करा. मागच्या बाजूला देठाजवळ दोन बारक्या गाठी होत्या, मोहरीएवढ्या. "अशी साल आणि पानाला ह्या गाठी असल्या की ऐन." भाच्यानं पुढच्या सगळ्या वाटेवर प्रत्येक झाडाचं पान उलटं करून बघितलं, एकही न तोडता. बाबा सांगत होते, ऐनाची साल जाड म्हणून वणव्यातही तो टिकतो, आणि उन्हाळ्यात खोडात पाणी धरून ठेवतो. गुरं राखताना हे म्हाताऱ्यांकडून कळलेलं म्हणे. मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

उंबरठाताई, तुमचा कागद आणि खडू सोन्यासारखा उपयोगी पडला. लेकीनं हिरव्या खडूनं ऐन घासला, मग जांभळाची साल, मग देवळाच्या कातळावर खडू घासायला निघाली तेव्हा मात्र थांबवलं.

पुढं एका फांदीला डोक्याएवढा तपकिरी गोळा होता, शेणाचा थापल्यासारखा. लेकीला वाटलं कुणीतरी चेंडू फेकून अडकवलाय. तो मुंग्यांचा वाडा होता, पापुद्र्यावर पापुद्रे. मी फोटो काढून ठेवलाय, कुणी माहिती सांगेल का?

पायऱ्यांवर बाबांनी नाडीपरीक्षा यांनी सांगितलं तसंच केलं. मी मागं राहून मोजत होते, दर दहा पायऱ्यांना एकदा थांबले. आई माझ्या हाताला धरून होती. खाली ओढ्यापाशी शेवाळ दिसल्यावर ती जागच्या जागी उभी राहिली, तेव्हा तिला धबधबा आठवत होता हे मला कळलं. आम्ही आग्रह केला नाही. एका कोरड्या कातळावर तिला बसवलं, दशमीचं फडकं अंथरलं. पाण्याचा आवाज, वर पानांतून गळणारं ऊन, दुसरं माणूस नाही. अर्ध्या तासानं तिनंच चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले.

पात्रात कोरलेली ती देवळं बघून भाचा विचारत होता, दगड बाहेरून आणले कसे? आणलेच नाहीत, होते तिथंच कोरले हे त्याला पटायला वेळ लागला. हातानं सगळ्या बाजूनं चाचपून सांधा शोधत होता. सांधा नाहीच म्हटल्यावर गप्प झाला.

एक वाईट गोष्टही लिहिते. कुणीतरी प्लास्टिकच्या प्लेटा आणि बाटल्या झाडाच्या मुळात खुपसून ठेवल्या होत्या, अगदी नीट रचून. आमच्या पिशवीत मावल्या तेवढ्या आणल्या. बाबांना त्याचा फार त्रास झाला, थोडा वेळ ते बोललेच नाहीत.

साडेअकराला वर आलो. एकूण चाललो असू जेमतेम अडीच किलोमीटर, तीन तासांत. परतताना एका गुऱ्हाळावर थांबलो, कढईतून काढलेला गरम गूळ आणि काकवी. बाबांचा गुडघा रात्री थोडा दुखला, बर्फ लावल्यावर सकाळी ठीक होता.

आणि एक प्रश्न. आम्ही ओढ्यात असताना वरून कुणीतरी मोठ्यानं हसल्यासारखा आवाज आला. खवचट, खरखरीत, थांबून थांबून. लेक म्हणाली, झाडावर कोण आजोबा हसतायत? बाबांना आवाज ओळखीचा होता पण नाव आठवेना. ते म्हणतात आम्ही लहानपणी त्याला भ्यायचो.

रानभूल

वाचून डोळे भरून आले, ताई. बाबांना माझा नमस्कार सांगा.

तो आवाज मलबारी राखी धनेशाचा. उंबर-वडाची फळं पिकली असतील तिथं जोडीनं येतात. करड्या रंगाचा, घारीपेक्षा लहान, पिवळट लांब वाकडी चोच. त्याच्या आवाजाला बिचकत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही.

तो मुंग्यांचा वाडा बघायला पुन्हा जाल तर त्याला भोक पडलंय का बघा. तांबूस सुतार पक्षी नेमका त्याच वाड्यात कोरून आपलं घरटं करतो, मुंग्या आत राहत असताना. त्या मुंग्या तो खातोही आणि त्यांच्याच घरात पिल्लंही वाढवतो.

भोगावतीकाठ

दाजीपूरचा हट्ट मागे घेतो. बाबांना मात्र एकदा धरणापर्यंत तरी घेऊन या, आमच्या घरी जेवायला या.

आणि धनेशाबद्दल थोडं अजून. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारी ते मे, मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. तेवढे आठवडे नर बाहेरून आणून भरवतो. म्हणून अशी ढोली दिसली तर लांबूनच बघायची, खाली घोळका करून उभं राहायचं नाही. माणसं बघून नर यायचा थांबला तर आत उपास पडतो.

वडणगेकर

उशिरा वाचतोय. आमच्याकडं गाडी नाही. आजीला घेऊन एसटीनं जमेल का?

रानभूल

जमेल. रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची एसटी पकडा, कंडक्टरना पळसंब्याचा फाटा सांगा. फाट्यापासून चालणं वाढतं, म्हणून आजींच्या पायांचा अंदाज घ्या. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. आजींना तेवढं चालवणार नसेल तर पेठेतल्यांचा पन्हाळा बरा, एसटी गडापर्यंत जाते.

करवीरकन्या

भोगावतीकाठ, नक्की येऊ. बाबांना नाव वाचून दाखवल्याबरोबर म्हणाले, "धनेश! हां, धनेशच." मग फोन करून आपल्या मामेभावाला सांगितलं.

लेकीला मी मादीची गोष्ट सांगितली. ती आत्ता शेजारी बसलीय आणि विचारतेय, इतके दिवस बंद राहते तर ती पाणी कुठलं पिते? मला उत्तर येत नाही, कुणी सांगा.

रानभूल

तिला सांगा, नर जी उंबरं आणून देतो त्यातच पाणी असतं. धनेशाला प्यायला वेगळं पाणी फारसं लागत नाही, फळांच्या रसावर त्याचं भागतं. एक पिकलेलं उंबर फोडून तिच्या हातावर ठेवा, कळेल तिला. आत बारके किडे असतील, ते बघून घाबरू नको म्हणावं.